वेदीवर निजवलेले बाळ : शार्त्रच्या राजद्वारावरील येशूजन्माच्या शिल्पाचा प्रकरण अभ्यास

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या शार्त्र येथील कॅथेड्रलला पश्चिमेकडून तीन दरवाजे आहेत. जुन्या करारातील राजे, राण्या आणि संदेष्टे यांचे स्तंभासारखे उंच, सरळ पुतळे त्यांच्या द्वारशाखांवर उभे असल्यामुळे या त्रिद्वारी रचनेला ‘राजद्वार’ हे नाव पडले. मूळच्या २४ पुतळ्यांपैकी १९ आज शिल्लक आहेत. ११४५ ते ११५५ या दशकाच्या आसपास घडलेले हे शिल्पकाम आरंभीच्या गॉथिक शिल्पकलेचे सर्वांत संपन्न उदाहरण मानले जाते. प्रस्तुत अभ्यास मात्र त्यातल्या एकाच दरवाजापुरता, म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या दक्षिणेकडील दरवाजापुरता आहे. आणि त्यातही मुख्यतः एका प्रसंगापुरता, येशूजन्मापुरता.

प्रश्न साधा आहे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात मरियेने आपल्या पहिल्या मुलाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, असे सांगितले आहे. नाताळात घरोघरी आणि चर्चच्या आवारात उभारल्या जाणाऱ्या गोठ्यांमुळे आपल्या मनात या प्रसंगाचे एक चित्र पक्के बसलेले असते: गवताची शेज, तीत हसरे बाळ, त्याच्याकडे पाहत गुडघे टेकून बसलेली आई आणि बाजूला योसेफ. शार्त्रच्या दारावर यातले जवळजवळ काहीच नाही. आई बिछान्यावर आडवी आहे आणि बाळ तिच्या कुशीत नसून तिच्या वर, एका सपाट, चौकोनी, उंच चौथऱ्यावर निजवलेले आहे. त्या चौथऱ्याला गव्हाण म्हणावे तर त्यात खोली नाही. पाळणा म्हणावे तर त्याला कडा नाहीत. तो दिसतो चर्चमधल्या वेदीसारखा. शिल्पकाराने असे का केले असावे, हे ठरवण्यासाठी कोणता पुरावा हाताशी आहे आणि तो कुठपर्यंत टिकतो, याची तपासणी पुढे केली आहे.

दरवाजाची मांडणी

दाराच्या चौकटीवर शिल्पांचे दोन आडवे पट्ट एकावर एक बसवले आहेत आणि त्यांच्या वर, टोकदार कमानीच्या पोकळीत, मोठा कमानफलक आहे. खालच्या पट्टावर डावीकडून उजवीकडे चार प्रसंग येतात. पहिल्यात गब्रिएल देवदूत मरियेला संदेश देतो. दुसऱ्यात मरिया आणि अलीशिबा, दोन्ही गरोदर स्त्रिया, एकमेकींना भेटतात. तिसरा येशूजन्म. चौथ्यात रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत वार्ता देतो. वरच्या पट्टावर एकच प्रसंग पूर्ण रुंदीभर पसरलेला आहे: बाळ येशूचे यरुशलेमच्या मंदिरातील समर्पण. मधोमध वेदी आहे, तिच्यावर बाळ उभे आहे, एका बाजूला मरिया आणि दुसऱ्या बाजूला वृद्ध शिमोन त्याला धरून आहेत, आणि दोन्ही टोकांकडून माणसे अर्पणाच्या वस्तू घेऊन मध्याकडे येत आहेत. सर्वांत वर, कमानफलकात, मरिया सिंहासनावर अगदी समोरासमोर बसलेली आहे. तिच्या मांडीवर, तिच्याच अक्षावर, बाळ येशू आहे. आणि दोन्ही बाजूंना देवदूत धुपाटणी हलवीत आहेत.

दारासमोर उभे राहून नजर खालून वर नेली, तर बाळ तीनदा दिसते, आणि तिन्ही वेळा दाराच्या मध्यरेषेवर दिसते. खाली ते आडवे आहे, मध्ये ते उभे आहे, वर ते बसलेले आहे. खाली ते चौथऱ्यावर आहे, मध्ये वेदीवर आहे, वर आईच्या मांडीवर आहे. या प्रकरणातील सगळा युक्तिवाद या एका उभ्या रेषेवर तोललेला आहे, म्हणून ती रेषा आधी नीट लक्षात घेतली पाहिजे.

खालच्या पट्टाची अवस्था आज फारशी चांगली नाही. जमिनीपासून तो सर्वांत जवळ असल्याने आणि पश्चिमेच्या वाऱ्यापावसाला थेट तोंड देत असल्याने त्यावरचे बारीक काम झिजले आहे, काही भाग तुटले आहेत आणि बाळाची आकृती तर बरीच खराब झालेली आहे. तरी मांडणी स्पष्ट वाचता येते. बिछान्यावर पसरलेल्या वस्त्राच्या चुण्या, त्याखाली आडवी मरिया, शेजारी उभा योसेफ, आणि वर तो सपाट चौथरा. शेजारच्या मेंढपाळांच्या प्रसंगात शिल्पकाराने रानातल्या माणसांना जेवढी हालचाल दिली आहे, तेवढी हालचाल येशूजन्मात नाही. तिथे सगळे आडव्या रेषांत स्थिर आहे. पौर्वात्य ख्रिस्ती चित्रांत येशूजन्मासोबत नेहमी येणारा, दाया बाळाला न्हाऊ घालीत असल्याचा प्रसंगही इथे घेतलेला नाही. प्रसंग मुद्दाम कमी करत मोजक्या आकृत्यांवर आणलेला आहे.

आगी, अवशेष आणि शाळा

हे दार कोणत्या गावात उभे राहिले, हे जाणल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. ११३४ मध्ये शार्त्र शहराला मोठी आग लागली आणि कॅथेड्रलच्या पश्चिम भागाला तिची झळ पोहोचली. त्यानंतर आधी उत्तरेचा, मग दक्षिणेचा मनोरा उभारायला सुरुवात झाली आणि त्या दोहोंच्या मध्ये राजद्वार बसले. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चचा नवा पश्चिम भाग ११४० मध्ये पवित्र करण्यात आला होता. पुतळ्यांनी सजवलेल्या तीन दारांची कल्पना तिथूनच शार्त्रला आली, याबद्दल फारसा वाद नाही. पुढे १० जून ११९४ रोजी पुन्हा आग लागली आणि मागचे जवळजवळ सगळे चर्च जळाले. पश्चिमेची दारे, त्यांच्यावरच्या तीन उंच रंगीत काचेच्या खिडक्या आणि तळघर मात्र वाचले. आज आपण पाहतो ते चर्च बहुतांशी या दुसऱ्या आगीनंतरचे आहे आणि दार त्याच्यापेक्षा जुने आहे.

या आगीत आणखी एक वस्तू वाचली. शार्त्रच्या चर्चला नवव्या शतकात, परंपरेनुसार ८७६ मध्ये, राजा चार्ल्स द बाल्ड याने एक वस्त्र दिले होते. येशूच्या जन्माच्या वेळी मरियेच्या अंगावर असलेले वस्त्र ते हेच, अशी श्रद्धा होती. ते एका बंद मंजूषेत असे, कुणाला प्रत्यक्ष दिसत नसे, आणि तो अंगरखाच आहे असे सगळे धरून चालत. १७१२ मध्ये मंजूषा उघडली, तेव्हा आत शिवलेले वस्त्र नसून कापडाचा लांब पट्टा निघाला. बाराव्या शतकातील यात्रेकरूला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. प्रसूतीच्या वेळी संरक्षण मिळावे म्हणून त्या मंजूषेला लावून आणलेले छोटे झबले गरोदर स्त्रियांना देण्याची प्रथाही या गावात रुजली. मरियेच्या बाळंतपणाशी शार्त्रचे नाते इतके थेट होते. अशा गावात येशूजन्माचे शिल्प कोरताना बाळंतिणीच्या कोमलतेवर भर देणे सर्वांत सोपे आणि सर्वांत लोकप्रिय झाले असते. शिल्पकाराने, किंवा त्याला सांगणाऱ्या पाद्र्यांनी, ते केले नाही. माझ्या मते हे न करणे हाच या प्रकरणातील पहिला ठोस पुरावा आहे.

दुसरा धागा शाळेचा. शार्त्रच्या कॅथेड्रलची शाळा अकराव्या शतकापासून नावाजलेली होती. १००६ ते १०२८ या काळात बिशप असलेले फुल्बर्ट तिचे मोठे आचार्य. दार घडत होते त्या काळात थिएरी हे शार्त्रचे चान्सलर, म्हणजे कॅथेड्रलच्या शाळेचे प्रमुख, होते आणि सात मुक्त विद्यांच्या (व्याकरण, संगीत अशा मध्ययुगीन शिक्षणातील सात मूलभूत विषयांच्या) पाठ्यग्रंथांचा एक थोर संग्रह त्यांनी सिद्ध केला होता. त्या सातही विद्या या दाराच्या कमानपट्ट्यांवर, म्हणजे कमानफलकाभोवतीच्या वळणदार पट्ट्यांवर, स्त्रीरूपात कोरलेल्या आहेत आणि प्रत्येकीसोबत तिचा एक प्राचीन आचार्य लिहिताना किंवा विचार करताना बसलेला आहे. व्याकरणाच्या हाती छडी आणि पुस्तक आहे. तिच्या पायाशी दोन विद्यार्थी असून एक जण अभ्यास सोडून दुसऱ्याचे केस ओढतो आहे. संगीत घंटा वाजवीत आहे आणि तिच्या खाली पायथागोरस मांडीवरच्या लेखनफळ्यावर वाकून लिहीत आहे, इतका वाकून की त्याच्या कपाळावरच्या आठ्या दगडात दिसतात. ही आकृती मला या संपूर्ण दारातील सर्वांत जिवंत वाटते. ज्या हातांना केस ओढणारा पोरगा कोरता येत होता, त्यांना बाळाला जवळ घेणारी आई कोरता आली नसती, असे कुणी म्हणू शकणार नाही.

मरियेच्या दाराभोवती विद्या का, याचे उत्तर कमानफलकात आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात मरियेला ‘ज्ञानाचे सिंहासन’ म्हटले जाई: देवाचे ज्ञान देह धारण करून तिच्या मांडीवर बसले, म्हणून ती आसन. माणसाच्या सात विद्या त्या ज्ञानाभोवती कमानीसारख्या उभ्या आहेत. यातून एक गोष्ट निश्चित होते की हे दार केवळ गोष्ट सांगण्यासाठी रचलेले नाही. त्यामागे शिकलेल्या माणसांनी आखलेली योजना आहे. त्यामुळे खालच्या पट्टावरील बाळाच्या जागेबद्दलही योजनेचा संशय घेणे रास्त ठरते.

वेदीचे स्पष्टीकरण

येशूजन्मात बाळ गव्हाणीऐवजी वेदीवर ठेवलेले दिसते, याकडे एमिल माल या फ्रेंच कला-इतिहासकाराने १९व्या शतकाच्या अखेरीस लक्ष वेधले. शार्त्रच्या दाराची उभी रेषा सविस्तर मांडली ती ॲडॉल्फ कात्सेनेलेनबोगेन यांनी, १९५९ मध्ये. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: खालच्या पट्टावरील चौथरा, वरच्या पट्टावरील वेदी आणि कमानफलकातील मांडी ही तिन्ही आसने एकाच अर्थाची आहेत. मिस्साबलिदानात, म्हणजे चर्चमधील भाकर आणि द्राक्षारसाच्या मुख्य उपासनेत, वेदीवरची भाकर ख्रिस्ताचे शरीर होते. तेच शरीर बेथलेहेमात प्रथम ‘ठेवले’ गेले. म्हणून जन्माच्या प्रसंगातच वेदी दाखवायची, आणि बाळ हे पुढे अर्पण व्हायचे बलिदान आहे हे पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळू द्यायचे.

या स्पष्टीकरणाला ग्रंथांचा आधार आहे. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी नाताळच्या प्रवचनात गव्हाणीचा अर्थ सांगितला होता: जनावरांच्या चाऱ्याच्या जागी ख्रिस्त निजला, कारण तो आपल्या शरीराने श्रद्धाळूंचे पोषण करणार होता. बाराव्या शतकात शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या बायबलच्या प्रमाणभूत टीपांत तर हा संबंध एका ओळीत येतो: त्याला गव्हाणीत ठेवले जाते, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर वेदीवर ठेवले जाते. शार्त्रच्या शाळेतील कोणत्याही पाद्र्याला ही ओळ परिचित असणार. शिल्पकाराला ती स्वतः वाचण्याची गरज नव्हती. योजना आखणाऱ्याने सांगितली की पुरे.

हा संबंध पुस्तकापुरता राहिला नव्हता, हे उपासनेतून दिसते. रुआँच्या कॅथेड्रलमध्ये नाताळच्या रात्री मेंढपाळांचे एक छोटे नाट्य होत असे. पाद्री मेंढपाळांच्या वेशात येत, दोन पाद्री दायांच्या भूमिकेत त्यांना विचारीत, ‘गव्हाणीत कुणाला शोधता?’ आणि मग पडदा दूर करून बाळ दाखवीत. या नाट्यातली गव्हाण मुख्य वेदीच्या मागे मांडलेली असे. रुआँचे लिखित पुरावे शार्त्रच्या दारानंतरचे आहेत, पण मेंढपाळांच्या या संवादाची प्रथा उत्तर फ्रान्समध्ये त्याआधीपासून होती. मेंढपाळ वेदीकडे चालत जाताना पाहणाऱ्या माणसाला, दारावरचे मेंढपाळ ज्याच्याकडे जाणार आहेत ते बाळ वेदीवर दिसले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

आणि काळाची निकडही होती. वेदीवरच्या भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो की केवळ चिन्हरूपाने, हा वाद अकराव्या शतकात ज्यांनी पेटवला ते तूरचे बेरेंगर हे फुल्बर्टचेच विद्यार्थी, म्हणजे शार्त्रच्या शाळेतूनच बाहेर पडलेले. १०५० पासून १०७९ पर्यंत त्यांच्या मतांचा वारंवार निषेध झाला. दार घडत होते त्या पिढीतही दक्षिण फ्रान्समध्ये पिएर द ब्रुई या बंडखोर उपदेशकाच्या अनुयायांनी मिस्सा, वेदी आणि चर्चच्या इमारती यांनाच नकार दिला होता. १२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकरीचे शरीरात रूपांतर होते हा सिद्धान्त अधिकृत शब्दांत मांडला, पण शार्त्रच्या पाद्र्यांना त्याआधी पाऊणशे वर्षे हा प्रश्न घरचा होता. आपल्याच शाळेच्या एका बुद्धिमान विद्यार्थ्याने उभा केलेला संशय दारावरच खोडून काढायचा, हे मला संभाव्य वाटते. मात्र तसे कुणी लिहून ठेवलेले नाही, त्यामुळे ते संभाव्यच राहते.

या स्पष्टीकरणावरचा आक्षेप

आता उलट बाजू. उंच, चौकोनी, दगडी गव्हाण ही शार्त्रच्या शिल्पकाराची कल्पना नाही. पवित्र भूमीतून यात्रेकरू सहाव्या-सातव्या शतकात जी चित्रे आणि ठसे घेऊन येत, त्यांत गव्हाण एका बांधीव चौथऱ्यासारखी असते. व्हॅटिकनमध्ये जतन केलेल्या, त्याच काळातील एका रंगवलेल्या लाकडी पेटीच्या झाकणावरील येशूजन्मात बाळ अशाच उंच चौथऱ्यावर आहे आणि आई त्याच्या शेजारी आडवी आहे. कॅरोलिंगियन काळातील (आठव्या ते दहाव्या शतकातील) हस्तिदंती फलकांतही ही मांडणी येते. आडवी मरिया तर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, परंपरेतून पश्चिमेत सर्वत्र पोचलेली होती. तेव्हा कुणी असे म्हणेल की शार्त्रच्या माणसाने नमुना समोर ठेवून नक्कल केली, आणि आपण तिच्यात धर्मशास्त्र वाचतो आहोत.

हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो मान्य केल्यानेच प्रकरण नीट उलगडते. चौथऱ्याचा आकार परंपरेचा. त्याची जागा शार्त्रची. आधीच्या चित्रांत चौथरा वेदीसारखा दिसला, तरी त्याच्या वर दुसरी वेदी आणि तिच्या वर सिंहासन नव्हते. शार्त्रमध्ये जुना आकार एका नव्या रांगेत उभा केला गेला आणि त्या रांगेमुळे त्याचा संदिग्ध अर्थ पक्का झाला. मंदिरातील समर्पणाचा प्रसंग पूर्ण पट्ट देऊन, काटेकोर सममितीने मांडण्याचे दुसरे कारण मला सापडत नाही. लूकच्या कथेत समर्पण हा येशूजन्माइतका मोठा प्रसंग नाही. खाली एका पट्टात चार प्रसंग दाटीने बसवायचे आणि वर एकाच प्रसंगाला सगळी रुंदी द्यायची, हे प्रमाण कथेच्या गरजेतून आलेले नाही. ते वेदी मध्यावर आणण्याच्या गरजेतून आले आहे. वर देवदूतांच्या हाती धुपाटणी आहेत, तीही वेदीभोवतीच्या विधीची वस्तू.

सगळे कोरीव भाग ठरल्या जागीच बसले, असे मानण्याचे मात्र कारण नाही. डाव्या दाराच्या कमानपट्ट्यांवर बारा राशी आणि बारा महिन्यांची कामे आहेत. पण तिथे जागा कमी पडल्यामुळे मीन आणि मिथुन या दोन राशी उजव्या दाराच्या कमानीत, विद्यांच्या शेजारी, येऊन बसल्या आहेत. अर्थाच्या दृष्टीने त्यांचा तिथे काही संबंध नाही. भाग आधी कोरून नंतर बसवताना अशा तडजोडी झाल्या, हे यातून स्वच्छ दिसते. मग उभी रेषादेखील बसवतानाचा योगायोग असू शकेल काय? मला तसे वाटत नाही, कारण राशी हे कमानीतले सुटे दगड आहेत, कुठेही बसवता येणारे. समर्पणाची वेदी आणि तिच्या दोन्ही बाजूंची माणसे मात्र मध्य धरूनच रचलेली आहेत आणि कमानफलकातील मरिया मध्याशिवाय कुठे बसूच शकत नाही. तीनपैकी दोन गोष्टी मध्यावर असणे अपरिहार्य असताना, चार प्रसंगांच्या पट्टातील तिसरा प्रसंग नेमका बाळ मध्यरेषेखाली येईल असा आखणे, यालाच योजना म्हणतात. चार समान भाग केले असते तर मध्यरेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाच्या सांध्यावर आली असती. मेंढपाळांच्या प्रसंगाला बाकीच्यांपेक्षा जास्त लांबी देऊन ती येशूजन्मावर आणलेली आहे.

याच राजद्वारात येशूजन्म आणखी एकदा कोरलेला आहे, ही गोष्ट चर्चेत पुष्कळदा मागे पडते. पुतळ्यांच्या डोक्यांवरून तिन्ही दारांना जोडत जाणारी स्तंभशीर्षांची एक सलग, छोट्या आकृत्यांची पट्टी आहे. मधल्या दारापासून उत्तरेकडे तीत मरियेचे आईवडील योआखीम आणि हन्ना यांच्यापासून मरियेचे चरित्र आणि येशूचे बालपण येते. तिथे येशूजन्म हा लग्न, संदेश, भेट, मेंढपाळ, बाळाच्या दर्शनाला आलेले ज्ञानी राजे, राजा हेरोद अशा साखळीतील एक दुवा आहे; चालत जाता जाता वाचायची गोष्ट आहे. म्हणजे गोष्ट सांगण्याचे काम या पट्टीने आधीच उचललेले होते. दाराच्या माथ्यावरील येशूजन्माला त्या कामातून मोकळीक मिळाली आणि सिद्धान्त मांडता आला. दारांवरच्या मधल्या उंच खिडकीतही, त्याच दशकातल्या रंगीत काचेत, येशूचे बालपण पुन्हा येते. एकाच पश्चिम भिंतीवर एक प्रसंग तीन ठिकाणी, तीन कामांसाठी वापरलेला आहे.

पॅरिसची तुलना

शार्त्रनंतर थोड्याच काळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलसाठी जे शिल्पकाम झाले, त्यातले काही पुढे तिथल्या पश्चिमेकडील सेंट ॲन दारावर बसवण्यात आले. तिथेही कमानफलकात सिंहासनावर मरिया आणि मांडीवर बाळ, दोन्ही बाजूंना देवदूत. तिथेही खाली बाराव्या शतकातील पट्टावर संदेश, भेट, येशूजन्म, मेंढपाळ. पण पॅरिसच्या त्या पट्टावर पुढे हेरोद आणि ज्ञानी राजेही येतात, आणि समर्पणाचा वेगळा पट्ट नाही. मरियेच्या शेजारी एक बिशप आणि एक राजा आले आहेत. म्हणजे शार्त्रचा नमुना पोचला, आकृत्या पोचल्या, पण वेदीची रांग पोचली नाही. पॅरिसमध्ये दाराचा रोख राजा, बिशप आणि राजसत्तेचे ज्ञान यांच्याकडे वळला आहे. आकार आणि रांग वेगळी काढता येते, हे पॅरिसच्या उदाहरणातून दिसते, आणि त्यामुळे शार्त्रमधील रांग ठरवून केलेली होती हे अधिकच ठाम होते.

त्याच चर्चमधले दुसरे बाळ

आता प्रकरणातील सर्वांत बोलका भाग. १२३० च्या सुमारास शार्त्रच्या नव्या चर्चमध्ये, वेदीजवळची पाद्र्यांची जागा आणि लोकांचा भाग यांच्यामध्ये, एक उंच दगडी आडभिंत उभारली गेली. तिच्यावर येशूच्या बालपणाचे प्रसंग कोरले होते. १७६३ मध्ये अभिरुची बदलल्यामुळे ती पाडण्यात आली. तिचे काही फलक फरशीखाली गेले आणि १९व्या शतकात पुन्हा बाहेर निघाले. त्यांतल्या येशूजन्मात मरिया आडवीच आहे, पण कुशीवर वळून तिने हात पुढे केला आहे आणि शेजारच्या गव्हाणीत निजलेल्या बाळाच्या पांघरुणाला ती स्पर्श करते आहे. बैल आणि गाढव जवळ आहेत. त्या हाताची बोटे पांघरुणावर किती अलगद टेकली आहेत, ते पाहिले की दारावरचा तो आडव्या रेषांचा, न स्पर्शणारा प्रसंग त्याच गावाचा आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही. मधे गेलेला काळ जेमतेम ऐंशी वर्षांचा आहे.

या बदलाचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की तेराव्या शतकात भक्ती अधिक मानवी, अधिक कोवळी झाली. संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो येथे खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून गव्हाण मांडली. मग आईची माया शिल्पातही आली. आणि पुढे, १३७२ मध्ये बेथलेहेमला गेलेल्या स्वीडनच्या संत ब्रिजिट यांच्या दर्शनानंतर, गुडघे टेकून बाळाला वंदन करणारी मरिया सर्वत्र रूढ झाली. हे सगळे खरे आहे. नाताळच्या गोठ्यात आपण जी मरिया पाहतो, ती या शेवटच्या टप्प्याची आहे, म्हणूनच शार्त्रचे दार आपल्याला परके वाटते.

पण एवढ्यावर प्रकरण संपवणे मला अपुरे वाटते, कारण दोन्ही शिल्पांच्या जागा वेगळ्या आहेत आणि जागेने अर्थ बदलतो. दार बाहेर आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आतली वेदी दिसत नाही; तो अजून आत गेलेला नाही. आत काय होणार आहे, हे त्याला उंबऱ्यावर सांगायचे, तर वेदी दारावरच कोरली पाहिजे. येशूजन्मातला चौथरा, त्यावर समर्पणाची वेदी, त्यावर सिंहासन ही रांग म्हणजे आत जाणाऱ्याला दिलेली ओळख आहे: ज्याच्या जन्माचे वस्त्र पाहायला तू आला आहेस, तोच आतल्या वेदीवर तुला भेटेल. आडभिंतीची गोष्ट उलटी. ती चर्चच्या पोटात, खऱ्या वेदीपासून थोड्याच अंतरावर उभी होती; तिच्या पलीकडे रोज मिस्सा होत होता, घंटा ऐकू येत होत्या. तिथे दगडातल्या बाळाखाली वेदी ठेवण्याची गरज उरली नव्हती. ते काम खरी वेदी करीत होती, आणि शिल्पकाराला आईचा हात बाळापर्यंत नेता आला. भक्तीचा बदलता सूर हे या फरकाचे एक कारण आहेच. पण मला जागा हे त्याहून जवळचे कारण वाटते, आणि मध्ययुगीन दारांवरील येशूजन्माचे कोणतेही शिल्प तपासताना ते दारावर आहे, ही गोष्ट पुराव्यांत पहिल्या क्रमांकावर धरली पाहिजे, असे या प्रकरणावरून माझे मत झाले आहे.